फ्राईज मऊ पडायच्या आत: बर्गर खायला गेल्यावर काय, कधी आणि कसं

बर्गर-फ्राईजचं जेवण स्वयंपाकघरात बिघडतं त्यापेक्षा जास्त वेळा टेबलावर बिघडतं. ट्रे समोर आल्यावर एकजण टिश्यू आणायला उठतो, दुसरा केचप शोधतो, तिसरा फोटोसाठी प्लेट फिरवत बसतो. मग पहिला घास घेतला की शेरा ठरलेला: ‘फ्राईज मऊच होते, बर्गर सगळा सांडला.’

फ्राईजच्या कडक कवचाखाली वाफेने भरलेला मऊ बटाटा असतो. तेलातून काढल्यावर ती वाफ बाहेर पडते आणि जाता जाता कवच ओलं करते. बारीक कापाचे फ्राईज ५ ते ७ मिनिटांत वाकायला लागतात. जाड कापाचे जास्त वेळ गरम राहतात, पण कुरकुरीतपणा त्यांचाही जातोच. बर्गरचं तसं नाही. पॅटी जाड असल्याने ती उशिरा गार होते, मात्र खालचा बन आतल्या रसाने आणि सॉसने हळूहळू भिजत जातो. म्हणून जी कामं ट्रे येण्याआधी उरकता येतात, ती आधीच उरकायची. खालचे सगळे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत.

## टप्पा १: रांगेत उभं राहण्याआधी

काउंटरवर ऑर्डर द्यायची जागा असेल तर आधी टेबल धरा. दोघं असाल तर एकाने बसावं. टेबल निवडताना वर मान करून बघा: एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर ती जागा सोडा. पसरलेल्या फ्राईजवर गार वारा लागला की ते २–३ मिनिटांत गार पडतात.

हात आत्ताच धुवून घ्या. पुढे सगळं हातानेच खायचं आहे आणि ट्रे आल्यावर बेसिनपर्यंत जाऊन येण्यात नेमकी मोलाची मिनिटं जातात.

वेळेचाही विचार करा. ऐन गर्दीत ताटकळावं लागतं, पण फ्राईज एकामागून एक तळले जात असल्याने ते ताजे मिळायची शक्यता जास्त. निवांत वेळी रांग नसते, पण आधी तळून दिव्याखाली गरम ठेवलेले फ्राईज नशिबी येऊ शकतात. त्यावरचा उपाय टप्पा ४ मध्ये आहे.

## टप्पा २: काय चालत नाही ते पक्कं करा

सर्वांत महाग पडणाऱ्या चुका इथे होतात, त्यामुळे हा टप्पा घाईत उरकू नका.

‘बटाटा म्हणजे शाकाहारी’ हे गृहीत धरू नका. काही ठिकाणी फ्राईज प्राण्याच्या चरबीत तळतात, काही ठिकाणी बटाट्याला मांसाचा स्वाद दिलेला असतो. त्याहून जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे एकच फ्रायर: त्याच तेलात चिकन, मासे, कांद्याच्या रिंग्ज आणि फ्राईज. रिंग्जच्या आवरणात मैदा असतो, त्यामुळे ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) न चालणाऱ्यालाही अशा तेलातले फ्राईज चालत नाहीत.

तव्याचंही तेच. व्हेज पॅटी मांसाच्याच तव्यावर, त्याच उलथण्याने परतली जाऊ शकते. ‘प्लांट-बेस्ड’ हा शब्द पॅटीत काय आहे ते सांगतो, ती कुठे भाजली ते सांगत नाही.

लपून बसणाऱ्या घटकांची यादी लक्षात ठेवा:

- मेयोनेज आणि त्यावर आधारलेले बहुतेक ‘स्पेशल सॉस’: अनेकदा अंडं
- ब्रियोशसारखा मऊ, चकचकीत बन: अंडं, दूध, लोणी
- व्हेज पॅटी: बांधून ठेवण्यासाठी कधीकधी अंडं
- वूस्टरशर सॉस: पारंपरिक कृतीत अँचोव्ही नावाचे मासे
- बनवरचे तीळ: तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी

‘हे व्हेज आहे ना?’ असं विचारलं की घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असं विचारा: ‘फ्राईजच्या तेलात आणखी काय काय तळता?’ आणि ‘व्हेज पॅटीचा तवा वेगळा आहे का?’ या प्रश्नांना नुसत्या मानेने उत्तर देता येत नाही.

सावधान: ॲलर्जी गंभीर असेल तर ‘मला आवडत नाही’ असं म्हणू नका. ‘ॲलर्जी आहे’ असंच सांगा. नावडता पदार्थ वरून काढून टाकला तरी भागतं. ॲलर्जीसाठी हातमोजे, तवा, उलथणं सगळंच बदलावं लागतं. समोरच्याला उत्तर देताना खात्री वाटत नसेल तर तो पदार्थ सोडून द्या.

## टप्पा ३: पॅटी आणि उंची ठरवा

पॅटी साधारण दोन प्रकारची असते. एक जाड, बहुधा १५० ते २०० ग्रॅमची: आतून रसाळ, चावायला भरदार. दुसरी ‘स्मॅश’: मांसाचा गोळा कडक तापलेल्या तव्यावर टाकून पहिल्या काही सेकंदांतच दाबून पातळ केलेली. हिची सगळी मजा खरपूस तपकिरी थरात आणि जाळीदार कडेत. स्मॅश घेणार असाल तर दोन पॅटींची घ्या. एकच पातळ पॅटी बनमध्ये हरवून जाते. जाड पॅटी मात्र एकच पुरे. दोन जाड पॅटींचा बर्गर फोटोत शोभतो, तोंडात मावत नाही.

मावण्याचं गणित अगदी साधं आहे. मोठ्या माणसाचं तोंड पूर्ण उघडल्यावर समोरच्या दातांमधलं अंतर साधारण ४ ते ५ सेंटिमीटर होतं. मऊ बन दाबल्यावर बराच खाली बसतो, म्हणून ७ सेंटिमीटर उंचीचा बर्गर निभावतो. त्याहून उंच असेल तर तो कापून किंवा सुटा करूनच खावा लागणार, हे आधीच मान्य करा.

मेन्यूवर लिहिलेलं वजन बहुधा कच्च्या पॅटीचं असतं. ११३ ग्रॅमची (पाव पौंडाची) पॅटी भाजल्यावर पाणी आणि चरबी निघून साधारण पाव वजनाने कमी होते. भुकेचा अंदाज त्यानुसार लावा.

सावधान: अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू बहुधा पृष्ठभागावरच असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून आतून गुलाबी स्टेक आणि आतून गुलाबी बर्गर या एकसारख्या गोष्टी नाहीत. बीफच्या खिम्याची पॅटी मध्यभागी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, चिकनची ७४ अंशांपर्यंत तापायला हवी. नुसत्या रंगावर विसंबू नका. पॅटी पुरती शिजण्याआधीही तपकिरी दिसू शकते. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी सोबत असेल तर ‘पूर्ण शिजवलेली’ असंच सांगा.

## टप्पा ४: ऑर्डर या क्रमाने सांगा

क्रम चुकला की ऑर्डर चुकते. काउंटरवर ऑर्डर घेणाऱ्याच्या पडद्यावर बदल नोंदवले जातात ते बहुतेक वेळा नुकत्याच निवडलेल्या पदार्थाखाली. तुम्ही बर्गर, फ्राईज, पेय सांगून झाल्यावर ‘आणि हो, कांदा नको’ म्हणालात, तर तो कांदा कुणाच्या बर्गरमधून गेला हे ट्रे आल्यावर कळतं.

1. इथेच खाणार की पार्सल
2. ॲलर्जी किंवा न चालणारं
3. पहिला बर्गर आणि लगेच त्यातले बदल. मग दुसरा बर्गर आणि त्याचे बदल
4. फ्राईज: किती आणि कोणत्या आकाराचे
5. पेय, बर्फ हवा की नको
6. डिप आणि जादा सॉस

एका बर्गरमध्ये दोनपेक्षा जास्त बदल सांगू नका. पाच बदल सांगावे लागत असतील तर तो बर्गर तुमच्यासाठी नाही, दुसरा बघा. सॉसबद्दल ‘कमी’ हा शब्द निरुपयोगी आहे, कारण प्रत्येकाचं कमी वेगळं. ‘सॉस बाजूला द्या’ म्हणा.

आता ताज्या फ्राईजचा प्रश्न. मीठ न लावलेले फ्राईज मागायची युक्ती बरेचजण सांगतात: मीठ लावलेले तयार पडलेले असल्याने तुमच्यासाठी नवे तळावे लागतात. युक्ती चालते, पण तिचा तोटा नंतर कळतो. मीठ चिकटतं ते फ्राईज तेलातून नुकतेच काढलेले असताना, पृष्ठभागावर तेलाचा ओलावा असेपर्यंत. टेबलावर पोहोचल्यावर पुडीतलं मीठ टाकलं की ते घरंगळून कागदावर जमतं. वरचे फ्राईज अळणी आणि तळाचे खारट. त्यापेक्षा सरळ सांगा: ‘नवीन तळून द्या, थांबायची तयारी आहे.’ आधीच अर्धे तळलेले किंवा गोठवलेले फ्राईज तळायला साधारण ३ ते ४ मिनिटं लागतात. फार मोठी मागणी नाही ही.

कॉम्बो घेताना एकच बघा: पेय खरोखर हवं होतं का? नको असलेलं मोठं पेय ‘स्वस्तात’ पडलं तरी पोट तेवढंच असतं. मिल्कशेक घ्यायचा तर तो जेवणाचा भाग समजून फ्राईज एक आकार लहान घ्या.

तपासा: पैसे देण्याआधी ऑर्डर परत वाचून दाखवायला सांगा किंवा पडदा स्वतः वाचा. चूक दुरुस्त करायला यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येत नाही.

## टप्पा ५: ट्रे येईपर्यंत टेबल तयार ठेवा

माणशी ४ टिश्यू घ्या, त्यातला एक ओला करून ठेवा. कोरडा टिश्यू चीज पसरवतो, ओला पुसतो. केचप, मस्टर्ड, मिरी, पाणी सगळं आत्ताच आणा. केचपसाठी ठेवलेल्या छोट्या कागदी कपाची वरची घडी उलगडून बाहेर ओढली तर बऱ्याच कपांचं पसरट ताटलीसारखं भांडं होतं आणि फ्राईज बुडवायला जागा मिळते.

काचेच्या बाटलीतलं केचप येत नसेल तर बुडावर थपडा मारू नका. केचप हलवल्यावर पातळ होतं, स्थिर राहिलं की घट्ट. झाकण लावून बाटली जोरात हलवा, मग झाकण काढून साधारण ४५ अंशात तिरपी धरा आणि मानेवर दोन बोटांनी टिचक्या मारा.

## टप्पा ६: ट्रे आल्यावरचं पहिलं मिनिट

तीन कामं, याच क्रमाने.

आधी फ्राईज डब्यातून काढून ट्रेच्या कागदावर एका थरात पसरा. उभ्या डब्यात खालच्या फ्राईजची वाफ वरच्यांना लागते, आणि तळाचे तर आधीच मऊ झालेले असतात. दोन-तीन माणसांचे फ्राईज एकत्र ओतून डोंगर करू नका, खालचा अर्धा डोंगर वाफेत शिजतो.

मग वरचा बन उचलून आत बघा. पॅटी बरोबर आहे का, नको सांगितलेलं काही आलंय का, चीज वितळलंय का. याच वेळी थरही नीट करा. टोमॅटो थेट खालच्या बनवर ठेवलेला असेल तर त्याचं पाणी बनमध्ये उतरतं. लेट्यूसचं पान खाली घेऊन टोमॅटो त्याच्यावर ठेवा. पान आडोशाचं काम करतं. सटकणारी काकडीची लोणच्यातली चकती मध्यभागी सरकवा.

फोटो काढायचाच असेल तर आत्ता, एकच.

सावधान: ऑर्डर चुकलेली दिसली तर एकही घास न घेता सांगा. अर्धा खाऊन झाल्यावर ‘यात कांदा होता’ म्हटलं की दोन्ही बाजूंना ओशाळं व्हायला होतं. ॲलर्जीचा पदार्थ आत आला असेल तर तो काढून तोच बर्गर परत घेऊ नका, नवा मागा.

## टप्पा ७: फ्राईज आधी, पण सगळे नाही

पहिली ५ मिनिटं फ्राईजची. निम्मे फ्राईज याच वेळात संपवा, बारीक आणि कडेचे कुरकुरीत आधी, जाड मागे ठेवा. तेवढ्यात पॅटीही तोंड न भाजण्याइतकी निवते आणि तिच्यातला रस थोडा स्थिरावतो, पहिल्याच घासाला मनगटापर्यंत ओघळत नाही.

केचप फ्राईजवर ओतू नका. ओलं झालेलं कवच परत कडक होत नाही. बुडवायचं तेही फ्राईचं फक्त टोक. चीज सॉस घातलेले ‘लोडेड’ फ्राईज मागवले असतील तर हा नियम आपोआप मोडलेलाच आहे. मग काट्याने खा आणि आधी सॉसखालचे संपवा, कोरडे नंतर.

## टप्पा ८: बर्गर धरणं आणि चावणं

बहुतेकजण चार बोटं वर आणि अंगठा खाली असा चिमटा धरतात. अशाने मागची बाजू मोकळी राहते, समोरून चावलं की दाबाने पॅटी मागे सरकते आणि चौथ्या घासाला टोमॅटो मांडीवर.

असं धरा: दोन्ही अंगठे आणि दोन्ही करंगळ्या खालच्या बनला, मधली तीन-तीन बोटं वर पसरून. करंगळ्या थोड्या मागे न्या म्हणजे मागच्या कडेला आधार मिळतो. वेष्टनाचा कागद असेल तर तो पूर्ण काढू नका. वरचा अर्धा भाग मोकळा करा, खालचा अर्धा कागदाच्या खिशात राहू द्या. ओघळणारा सॉस त्या खिशात जमतो, आणि शेवटचे दोन-तीन फ्राईज त्यातच बुडवता येतात. डिपपेक्षा तो सॉस हमखास चांगला लागतो.

चावण्याआधी तळहाताने वरून हलकंच दाबा, बन खचेल इतपत. मऊ बन दबतो आणि थर एकमेकांना धरतात. पॅटी फुटेल इतका जोर लावला तर रस बाहेर येतो आणि मग बन लगद्यासारखा होतो.

खालचा बन भिजून फाटायला आला असेल तर बर्गर उलटा करा. वरचा बन बहुतेक वेळा जास्त जाड असतो, तो रस पेलतो. विचित्र दिसतं, काम होतं.

घास कडेने फिरत घ्या: एक डावीकडून, एक उजवीकडून, मग मधला. सरळ बोगदा खणत गेलात तर दोन्ही कडांना नुसता बन उरतो. आणि एकदा उचललेला बर्गर शक्यतो खाली ठेवू नका. प्रत्येक वेळी ठेवताना थर सुटतात, ट्रेच्या कागदाला चिकटलेला खालचा बन परत उचलताना फाटतो. पेय प्यायचं असेल तर बर्गर एका हातात धरून प्या.

उंच बर्गर कापायचा असेल तर: थर धरून ठेवायला मधोमध खोचलेली काडी आधी काढू नका. तिच्या अगदी शेजारून, दातेरी सुरीने करवतीसारखं पुढे-मागे करत कापा, दाबून नाही. अर्धा बर्गर कापलेली बाजू वर करून धरला तर आतलं काही निसटत नाही. काडी चावण्याआधी काढायची. लहान मुलांना ती तुम्हीच काढून द्या.

## टप्पा ९: पार्सल नेत असाल तर

पार्सलमध्ये फ्राईजचा घात बंद पिशवी करते. तोंड दुमडून स्टेपल केलेली असेल तर लगेच उघडा. फ्राईजच्या डब्याला झाकण असेल तर ते अर्धवट उघडं ठेवा. थोडे गार झालेले पण कोरडे फ्राईज घरी परत तापवून सुधारतात. वाफेत भिजून चामट झालेले फारसे नाही.

सॉस, टोमॅटो आणि लोणच्याची काकडी वेगळी मागा. गार पेय आणि गरम बर्गर एका पिशवीत घालू देऊ नका. दारातून निघण्याआधी पिशवीतल्या वस्तू मोजा. डिप सर्वांत जास्त वेळा राहतं. अर्ध्या तासापेक्षा लांब जायचं असेल तर फ्राईज तिथेच खा आणि फक्त बर्गर घेऊन जा.

## उरलं तर

बाहेर २ तासांपेक्षा जास्त वेळ राहिलेला बर्गर ठेवू नका, टाका. ठेवायचा असेल तर सुटा करून ठेवा: पॅटी वेगळी, बन वेगळा. पॅटी कढईत झाकण ठेवून, पाण्याचा एक चमचा घालून मध्यम आचेवर आतपर्यंत वाफ येईस्तोवर तापवा. चीज लावलेलं असेल तर तेही या वाफेत परत वितळतं. बनची फक्त आतली बाजू कोरड्या तव्यावर शेका. फ्राईज मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ते चामट होतात. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर ३ ते ५ मिनिटं, किंवा जाड तव्यावर एका थरात, तेल न घालता, एकदा उलटून. मूळचा कुरकुरीतपणा पूर्ण येत नाही, पण बराचसा येतो. लेट्यूस मात्र ठेवूच नका, दुसऱ्या दिवशी त्याचा चिकट चोथा होतो आणि त्याचं पाणी बनला लागतं.